पाण्यापुढचा माणूस

पाटकरी मोटारसायकलसकट पाटात पडला तेव्हा पाटात गुडघाभरच पाणी होतं, म्हणून वाचला. डोकं फुटलं, उजवं मनगट मोडलं. दवाखान्यात डोळे तपासले तेव्हा कळलं, की डाव्या डोळ्याचं काम कधीच संपलंय आणि उजवाही त्याच वाटेवर आहे. डॉक्टरला कळलं ते पाटबंधारे खात्याला कळलं. खात्याने चौकशी लावली, आणि चौकशीत निघालं की सव्वीस वर्षं खात्याची गाडी दामटणाऱ्या या माणसाकडे गाडी चालवायचा परवाना कधी नव्हताच.

"मागितलाच नाही कुणी," पाटकरी म्हणाला.

हे खरं होतं. पाटाच्या भरावावर परवाना तपासायला कोण येणार? चौदा किलोमीटरचा टप्पा, एका बाजूला पाट, दुसऱ्या बाजूला शेतं, मधे जेमतेम एका गाडीपुरती चाकोरी. तिथे पाटकरी हाच पोलीस आणि पाटकरी हाच न्यायाधीश होता. पण वरून साहेबाला झाडणी मिळाली होती, आणि झाडणी खाल्लेला साहेब खालच्याला सोडत नाही.

साहेब स्वतः चौकीवर आला. पाटाच्या कडेला खात्याची दोन दगडी खोल्यांची ती चौकी, वर पत्रे, मागे अवजारांची कोठडी. पाटकऱ्याचा संसार तिथेच झाला, मुलगा तिथेच मोठा झाला, सूनही तिथेच आली. साहेब खाटेवर बसला नाही. उभ्यानेच बोलला.

"पाटकरी, तुमचं काम संपलं. आता ज्याच्याकडे परवाना त्याच्याकडे गाडी. ज्याच्याकडे गाडी त्याच्याकडे टप्पा. आणि ज्याच्याकडे टप्पा त्याच्याकडे चौकी."

सून दारात उभी होती, हातात ग्रीसचा डबा. सासरा दवाखान्यात होता ते तीन आठवडे पाण्याची पाळी तिनेच सांभाळली होती. पाटाची दारं उघडली, बंद केली, पाटाच्या शेवटच्या टोकाच्या शेतकऱ्यांच्या शिव्या खाल्ल्या, गाडीही चालवली. तिचा नवरा लांब कुठल्याशा बंदरावर क्रेन चालवायचा. वर्षातून एकदा यायचा आणि आला की पाटाकडे पाठ करून झोपायचा. त्याला हे काम नको होतं, हे त्याने दहादा सांगितलं होतं.

"मी करीन, साहेब," सून म्हणाली.

साहेबाने पहिल्यांदा तिच्याकडे नीट पाहिलं. "परवाना आहे?"

"काढते."

"पाणी आजपासून एकविसाव्या दिवशी सुटेल. आदल्या दिवशी संध्याकाळपर्यंत निदान शिकाऊ परवाना माझ्या टेबलावर पाहिजे. नाहीतर पाटकऱ्यांचा पुतण्या आहेच. त्याच्याकडे पक्कं लायसन आहे. अर्जही करून बसलाय."

पुतण्याने नुसता अर्जच केला नव्हता. दुसऱ्याच दिवशी तो फीत घेऊन आला आणि खिडकी मोजायला लागला.

"कूलर बसतो का बघतोय, वहिनी. अंदाज घेऊन ठेवलेला बरा."

"आयत्या बिळावर नागोबा," सासू चुलीपुढून म्हणाली. पुतण्या हसला आणि खिडकीचं माप पेन्सिलीने भिंतीवर लिहून गेला.

म्हाताऱ्याला सुनेने टप्पा घ्यावा असं वाटत नव्हतं आणि पुतण्याने घ्यावा असंही वाटत नव्हतं. त्याला तो स्वतःलाच हवा होता. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात, तशी गत. पण चौकी जाणार हे दिसत होतं. तेव्हा तिसऱ्या दिवशी सकाळी तो गळ्यात हात अडकवून पायरीवर येऊन बसला. ओंजळभर खडे शेजारी ठेवले. समोर सून पाटाच्या मुख्य दाराच्या आट्यांना ग्रीस लावत होती. तिच्या बाजूला रिकामं पत्र्याचं पिंप होतं.

"शिकवतो," म्हातारा म्हणाला. "हात चालू दे. कानाने ऐक. वाट अरुंद. एक उताराने येतोय, एक चढाने जातोय. थांबायचं कुणी?"

"उताराने येणाऱ्याने?"

खडा पिंपावर आदळला. सून दचकली, ग्रीस तिच्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं.

"चढाने जाणाऱ्याने! उताराने येणारा पाण्याबरोबर येतो. पाण्यापुढच्या माणसाला वाट. साहेबाची जीप मी अर्धा मैल मागे घ्यायला लावली होती, ठाऊक आहे? साहेब खाली उतरून म्हणाला, पाटकरी, चुकलो."

हे तिला ठाऊक होतं. सगळ्या टप्प्याला ठाऊक होतं. कोरड्या पाटात पाणी सुटतं तेव्हा त्याचं तोंड माणसाच्या चालीने येतं. पुढे फेस, काटक्या, मेलेले उंदीर. पाटकरी त्याच्या पुढे पुढे जातो. एक मोरी साफ केली की गाडीला लाथ मारून पुढची गाठायची. मोरी तुंबली तर पाणी भरावावर चढतं, भराव फुटतो आणि कुणाचं तरी शेत वाहून जातं. म्हणून पाण्यापुढच्या माणसाला कुणी अडवत नाही. गुरं हाकणारा गुरं बाजूला घेतो, गाडीवाला गाडी शेतात उतरवतो. सव्वीस वर्षं म्हाताऱ्याने एकही पाणी चुकवलं नव्हतं. बायको बाळंत होत होती तेव्हाही तो पाण्यापुढे होता, आणि सासू ते अजून बोलून दाखवायची.

"वळणावर काय करायचं?"

"इंजिन बंद करायचं. कान द्यायचा."

"हॉर्न?"

"नाही वाजवायचा. म्हशी बुजतात."

"हात सरळ वर केला. म्हणजे?"

"पाणी आलं. पुढे या."

"हं." म्हाताऱ्याने खडा खाली ठेवला. यापेक्षा मोठी शाबासकी त्याच्याकडे नव्हती.

"मामा," सून म्हणाली, "परीक्षेचं एक पुस्तक मिळतं म्हणतात. आणू का?"

म्हाताऱ्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "पुस्तक? सव्वीस वर्षं मी काय झोपाळा हाकत होतो? आण पुस्तक आणि त्यालाच विचार मग मोरी कुठे तुंबते ते."

तिने पुस्तक आणलं नाही. तिची चूक हीच झाली. पण घरात बारा महिने ज्याचा शब्द चालतो, त्याचा शब्द बाहेर चालणार नाही हे घरातल्याला चटकन सुचत नाही.

बाराव्या दिवशी ती दोन बस बदलून परवाना कार्यालयात गेली. रांग जिन्यापर्यंत आली होती. खिडकीतल्या कारकुनाने कागद घेतले आणि तिच्या मागे कुणी पुरुष उभा आहे का ते पाहिलं.

"अर्ज कुणाचा?"

"माझा."

"काम काय करता?"

"पाटावर. पाणी सोडते."

"पाणी सोडते," कारकून मागच्या टेबलाकडे वळून म्हणाला. मागचं टेबल हसलं. रांगही हसली, कारण रांगेला कारकुनाशी वाकडं घ्यायचं नव्हतं.

फोटोच्या खोलीत तिला तोंड मिटायला सांगितलं. मिटलेलंच होतं, तिचे पुढचे दात थोडे बाहेर होते एवढंच. मग अंगठा. काचेवर अंगठा ठेवला तर यंत्र लाल दिवा लावायचं. चार वेळा ठेवला, चार वेळा लाल. दारांची लोखंडी चाकं फिरवून तिच्या बोटांवरच्या रेषा झिजल्या होत्या, आणि ज्या राहिल्या होत्या त्यांच्यात ग्रीस जाऊन बसलं होतं.

"बाई, अंगठा आहे का खडबडीत दगड? धुऊन या."

तिने नळावर जाऊन अंगठा भिंतीला घासला. कातडी लाल झाली तेव्हा यंत्र खूश झालं.

परीक्षा संगणकावर होती. पंधरा प्रश्न, त्यांतले दहा बरोबर यायला हवेत. खुर्ची तिला उंच होती, पाय जमिनीला टेकत नव्हते. पहिले तीन-चार प्रश्न चिन्हांचे होते, ते अंदाजाने गेले. मग एक चित्र आलं. अरुंद घाट, एक गाडी चढतेय, एक उतरतेय. कुणी थांबावं? तिला हायसं वाटलं. तिने लगेच बटण दाबलं. चढणाऱ्याने. मग वळण आलं, तिने 'वाहन थांबवावे' दाबलं. मग हात वर केलेला माणूस आला, तिने 'पुढे येण्यास सांगत आहे' दाबलं. हे तीन प्रश्न पाहून ती मनात म्हाताऱ्याचा खडूसपणाही माफ करून बसली होती.

पडद्यावर नऊ आकडा आला आणि त्याखाली लाल अक्षरांत नापास.

"कुठले चुकले?" तिने कारकुनाला विचारलं.

सांगणं त्याच्यावर बंधनकारक नव्हतं. पण त्याने पडदा वळवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचून दाखवलं. "चढणाऱ्याने थांबावं! अहो, चढणाऱ्याला वाट देतात. वळणावर काय, गाडी थांबवणार? मागचा येऊन आदळेल ना. वेग कमी करायचा, हॉर्न द्यायचा. आणि हात वर केला म्हणजे मी थांबतोय. कुणी शिकवलं तुम्हाला?"

"सासऱ्यांनी."

"त्यांना पाठवा इकडे. त्यांचं लायसन काढून घेतो."

"त्यांच्याकडे नाहीच," ती म्हणाली.

आता मात्र जिन्यापर्यंत हसू गेलं. कारकुनाने डोळे पुसले. "आठ दिवसांनी या. त्याआधी परीक्षा देता येत नाही."

तिने बोटांवर दिवस मोजले. आठ दिवसांनी म्हणजे पाणी सुटायच्या आदल्या दिवशी. बाहेर टपरीवर पुस्तक टांगलेलं होतं. तिने ते घेतलं आणि बसमध्ये उभ्याने वाचत आली. तिसऱ्याच पानावर घाट होता. सबंध रांगेसमोर आपलं हसं झालं ते या म्हाताऱ्याच्या ताठ्यापायी, एवढंच तिच्या डोक्यात होतं.

ती घरी पोचली तेव्हा म्हातारा पायरीवरच होता.

"झालं?"

"नापास."

"कशात?"

"तुम्ही शिकवलं त्यात." तिने पान उघडून त्याच्यापुढे धरलं. मग त्याला दिसत नाही हे आठवून तिनेच वाचलं. "अरुंद चढावर उतरणाऱ्या वाहनाने थांबून चढणाऱ्या वाहनास वाट द्यावी."

"पाण्याबरोबर येणारा थांबला तर पाणी थांबतं का?"

"रस्त्यावर पाणी नसतं, मामा."

"मग परीक्षा चुकीची आहे."

"परीक्षा चुकीची असली तरी नापास मी झाले!"

"आवाज खाली!"

"जिन्यापर्यंत माणसं हसली मला. तुम्हाला ठाऊक नव्हतं तर ठाऊक नाही म्हणायचं होतं. जीभ झिजली असती का?"

म्हाताऱ्याने डाव्या हाताने पुस्तक हिसकावलं आणि भिरकावलं. डाव्या हाताने आणि अर्ध्या नजरेने, तरी ते बरोबर पाटाच्या मधोमध जाऊन पडलं. पाट कोरडा होता. सून उताराच्या फरशीवरून बसून घसरत खाली गेली, गाळातून पुस्तक उचललं, पानं झटकली आणि वर आली. सासू दारात येऊन उभी होती.

"चौकी कुणाच्याही नावावर होऊ दे," सासू म्हणाली, "चूल माझी आहे. भांडणं संपली की हात धुऊन या."

त्यानंतरचे दिवस गाळ काढण्यात गेले. पाणी सुटायच्या आधी पाट मोकळा करावा लागतो. सून पहाटे उजाडताच दाताळं आणि पाटी घेऊन खाली उतरायची. वाळलेलं शेवाळ फरशीला चिकटलेलं असायचं, ते ओढताना कोंबडी सोलावी तसा आवाज यायचा. दुपारी फरशी तापली की पायाचे तळवे भाजायचे. तिने पुस्तक पाटीच्या कडीला सुतळीने बांधलं होतं. पाटी भरली की एक पान, रिकामी केली की तेच पान तोंडपाठ. त्रिकोण म्हणजे सावध, गोल म्हणजे हुकूम. उतरणाऱ्याने थांबावं. उतरणाऱ्याने थांबावं. हे वाक्य ती मोठ्याने म्हणायची, कारण भरावावर म्हातारा काठी टेकत फिरत असायचा आणि त्याला ऐकू जायला हवं होतं.

तोही काही कमी नव्हता. ती बाहेर आली की तो तिने साफ केलेल्या जागी काठीने गाळ उकरून दाखवायचा. "हे काय? तुझ्या पुस्तकात गाळ नसतो वाटतं."

एकदा शेताच्या कडेला काम करणाऱ्या दोन बायांनी हे पाहिलं. त्यांतली एक म्हणाली, "म्हाताऱ्याला गाळ दिसतो, बाकी काही दिसत नाही." सून हसली. म्हातारा दोन दिवस तिच्याशी बोलला नाही. ते दोन दिवस तिला बरे गेले.

सतराव्या दिवशी सकाळी पुतण्या आपली मोटारसायकल घेऊन आला. म्हातारा दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून तयार होता. पुतण्याने त्याला काखेत धरून मागे बसवलं, पाय नीट ठेवून दिले. सुनेला वाटलं डोळ्यांच्या डॉक्टरकडे चालले असतील. तिला जरा बरंही वाटलं, की निदान ते काम तरी आपल्या अंगावर आलं नाही.

दुपारी ती पाणी प्यायला वर आली तेव्हा सासू म्हणाली, "डॉक्टरकडे नाही गेले."

"मग?"

"साहेबाकडे. पुतण्याला टप्पा द्या म्हणून सांगायला."

सुनेने तांब्या खाली ठेवला. पाच दिवस ती पाटात उकिडवी बसून ज्या घरासाठी गाळ उपसत होती, त्या घराचाच माणूस ते घर देऊन टाकायला गेला होता.

संध्याकाळी मोटारसायकल परत आली. पुतण्या म्हाताऱ्याला उतरवून, वहिनीकडे न बघता, निघून गेला. सून वाटेतच उभी राहिली.

"काय ठरलं?"

"साहेब तारखेपर्यंत थांबणार म्हणतो. तोवर तू आणलंस तर तुझं."

"आणि तुम्ही काय सांगितलंत?"

म्हाताऱ्याने मान दुसरीकडे वळवली. "तो मला मागे बसवून नेईल. पाण्यापुढे. प्रत्येक पाळीला. तसा शब्द दिलाय त्याने."

"आणि चौकी?"

"मागची कोठडी देतो म्हणालाय. मला आणि तुझ्या सासूला. अवजारं बाहेर काढून."

"आणि मला?"

"तू जा नवऱ्याकडे."

तिचा नवरा बंदरावर सहा माणसांत एका खोलीत झोपायचा, पाळीपाळीने, कारण खाटा तीन होत्या. हे म्हाताऱ्याला माहीत होतं. तिला रडू आलं नाही. तिला त्याचा राग आला, आणि तो राग त्याला आपल्या चेहऱ्यावर दिसत नाही याचाही राग आला.

"एका फेरीसाठी घर विकलंत," ती म्हणाली.

"तुला नाही कळायचं."

"नाहीच कळणार."

सासू आतून सगळं ऐकत होती. त्या रात्री तिने नवऱ्याचं ताट वाढलं आणि त्याच्यासमोर न ठेवता उंबऱ्यावर ठेवून दिलं. म्हातारा चाचपडत उंबऱ्यापर्यंत आला आणि तिथेच बसून जेवला.

विसाव्या दिवशी सून पुन्हा दोन बस बदलून गेली. अंगठा घरूनच विटकरीने घासून गेली होती. यंत्राने पहिल्याच वेळी घेतला. कारकुनाने ओळखलं.

"आल्या पाणीवाल्या. सासऱ्यांनी आज काय शिकवलं?"

"आज नाही विचारलं त्यांना."

तोच उंच खुर्चीचा त्रास, तोच पडदा. आठवा प्रश्न घाटाचा आला. या वेळी चित्र वेगळं होतं, पण प्रश्न तोच. तिचं बोट आपोआप चढणाऱ्याकडे गेलं. सहा वर्षं त्या भरावावर ती स्वतः बाजूला झाली होती. डोक्यावर गवताचा भारा असतानाही. म्हातारा लांबून दिसला की अंगच बाजूला व्हायचं. तिने बोट उचललं आणि दात खाऊन 'उतरणाऱ्याने' दाबलं. पुढचा प्रश्न आला.

पंधरापैकी चौदा.

कारकुनाने कागदावर शिक्का मारला आणि रोजच्या सवयीने अटी एका दमात म्हणून टाकल्या. "सहा महिने मुदत. पुढे-मागे शिकाऊची पाटी लावायची. मागे कुणाला बसवायचं नाही, बसवायचं तर पक्कं लायसन असलेलाच माणूस. पुढचा!"

"परत सांगा," ती म्हणाली.

"काय?"

"शेवटचं. मागे बसवायचं ते."

कारकुनाने कंटाळून परत सांगितलं. तिने ते नीट ऐकून घेतलं, कागदाची घडी घातली आणि निघाली.

साहेब उठायच्या बेतात होता तेव्हा तिने कागद टेबलावर ठेवला. पुतण्या बाकावर बसला होता. साहेबाने कागद उजेडाकडे धरून पाहिला, खोटा असावा अशा आशेने असेल किंवा नुसती सवय असेल.

"ठीक आहे," तो म्हणाला. "टप्पा तुमचा. पण बाई, एक ऐका. उद्या भरावावर पाणी चढलं, एक वावर जरी बुडालं, तर परवा चौकी रिकामी. शिकाऊ आहात म्हणून सवलत नाही."

"पुढे काही अडलं तर मी आहेच, वहिनी," पुतण्या म्हणाला.

"भिंतीवरचं माप पुसून घे येऊन," ती म्हणाली.

सकाळी सहाला वरचं धरण सुटणार होतं. पाणी चौकीच्या, म्हणजे टप्प्याच्या पहिल्या, मोरीपर्यंत यायला तासभर. सून उजाडताच उठली. तिने गाडी पुसली, पांढऱ्या पुठ्ठ्यावर लाल रंगाने काढलेलं शिकाऊचं अक्षर पुढे-मागे तारेने बांधलं. दाताळं डाव्या बाजूला, कोयता आणि लोखंडी आकडा पिशवीत. चौदा किलोमीटर, अकरा मोऱ्या. पाचवी आणि नववी वाईट, एवढं तिला माहीत होतं. सासूने न बोलता कापडात बांधलेलं जेवण हँडलला अडकवलं आणि आत गेली.

गाडी भरावावर चढवून ती पाटाकडे बघत उभी राहिली. मागे काठीचा आवाज आला. म्हातारा येत होता. पायात गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट, डोक्याला फडकं, गळ्यातली झोळी काढून टाकलेली. मोडलेला हात नुसताच लोंबत होता. तो गाडीजवळ आला, डाव्या हाताने सीट चाचपली आणि पाय टाकला. पहिल्यांदा जमलं नाही. दुसऱ्यांदा गुडघा सीटवर घासत कसाबसा चढला. गाडी उभी होती, कलली. तिने हँडल धरून सावरली, नाहीतर दोघंही खाली आले असते.

"चल," तो म्हणाला.

"उतरा."

"पाचव्या मोरीत आतून मूळ आलंय. वरून दिसत नाही. चल, दाखवतो."

"शिकाऊ माणसाने मागे कुणाला बसवायचं नाही. पक्कं लायसन असेल तरच बसवता येतं."

"इथे कोण बघतोय?"

"कोणी नाही," ती म्हणाली. "उतरा."

म्हाताऱ्याचा चेहरा तिच्याकडे वळला. उजवा डोळा तिला शोधत होता. "मी पुतण्याच्या मागे गेलो त्याचा सूड घेतेस."

"हो."

तो उतरला नाही. सीटची कडा डाव्या हाताने घट्ट धरून, पाठ ताठ करून तो तसाच बसून राहिला. तिने किल्ली काढली आणि मुठीत धरली. पाटाच्या पलीकडच्या शेतात कुणीतरी गुरं सोडत होतं, त्याने इकडे एकदा पाहिलं आणि मान खाली घातली.

ते दोघं किती वेळ तसे होते कुणास ठाऊक. ऊन वर आलं. पाणी इथून तिच्याशिवाय पुढे गेलं तर टप्पा गेला, घर गेलं, सगळं मुसळ केरात. एक पाऊल मागे घेतलं असतं तर मिटलं असतं. त्याला घेऊन गेलं असतं तर पाचव्या मोरीतलं मूळही सापडलं असतं. हे सगळं तिला कळत होतं. तरी तिने किल्ली लावली नाही.

मग वरच्या वळणाकडून सळसळ ऐकू आली. कोरड्या पाल्यावरून कुणी तरट ओढत आणावं तसा आवाज. म्हाताऱ्याने तिच्या आधी ऐकला. त्याची मान वर झाली. पाण्याचं तोंड वळणावर आलं, मळकट फेसाचं, पुढे काटक्या ढकलत. ते चौकीच्या मोरीत शिरलं. ही मोरी तिने काल स्वतः साफ केली होती, म्हणून ते न अडखळता पलीकडे निघालं. त्या दोघांच्या खालून ते पुढे गेलं आणि पाटात सरकत चाललं. पुढे माणूस नव्हता.

म्हाताऱ्याच्या तोंडून कण्हल्यासारखं काहीतरी निघालं.

"पाणी पुढे चाललंय," तो म्हणाला.

तिने किल्लीवरची मूठ आणखी आवळली.

"अगं, पाणी एकटं चाललंय!"

ती हलली नाही. त्याने सीटवरचा हात सोडला. एक पाय खाली टाकला, दुसरा बूट मागच्या पाटीच्या तारेत अडकला. तो एका पायावर नाचत राहिला, तारेशी झटत राहिला. तिने हात पुढे केला नाही. शेवटी बूट तिथेच राहिला आणि म्हातारा एक पाय अनवाणी घेऊन बाजूला झाला.

"जा," तो म्हणाला. "मूळ डाव्या अंगाला आहे. खालून कोयता घाल. जा ना!"

तिने तारेतून बूट सोडवला आणि त्याच्यापाशी टाकला. किल्ली लावून गाडीला लाथ मारली. तिला बरं वाटत होतं. बरं वाटतंय याची लाजही वाटत होती, पण ती परत फिरली नाही.

दुसऱ्या मोरीच्या अलीकडे तिने पाण्याला गाठलं, मागे टाकलं आणि मोरीवर जाऊन गाडी उभी केली. जाळीपुढे वाऱ्याने आणलेला काटेरी झुडपांचा ढीग साचला होता. असा ढीग काढायला दोन माणसं लागतात. एकाने खालून लोटायचा, दुसऱ्याने वरून आकड्याने ओढायचा. ती चपला न काढता पाटात उतरली, ढिगाला खांदा लावला आणि एकटीच लोटू लागली. पाणी शंभर पावलांवर आलं होतं.